चंद्रावर दुरुस्तीला कोण जाणार

आमचे घरमालक कुठल्याही मोठ्या गोष्टीवर विश्वास ठेवायच्या आधी एकच विचारायचे, की बिघडलं तर दुरुस्तीला कोण जाणार? उड्डाणपूल असो, नवा मोबाइल असो, नाहीतर पुतण्याचं लग्न असो. पुतण्याच्या सोयरिकीच्या बैठकीतही त्यांनी हे विचारलं होतं, आणि मुलीकडची मंडळी पोहे अर्धवट टाकून उठली होती. घरमालकीण काकू हा किस्सा अजून रागानं सांगतात आणि सांगता सांगता हसतात.

मला आठवणी लिहायची सवय नाही. मी पत्रकं लिहिते. पहिल्या ओळीत आरोप, दुसरीत मागणी, तिसरीत मोर्चा कुठून निघणार ते. तेव्हा आरोपापासूनच सुरुवात करते. गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीनं या माणसाला अकरा वर्षं येडा म्हटलं. आणि मी तिथं राहायला आल्यापासून त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

गंगापूरहून शिकायला आले तेव्हा खोली शोधत मी गारखेड्यात दोन दिवस फिरले. जिथं जाईन तिथं आधी नाव विचारायचे, मग पूर्ण नाव विचारायचे, आणि पूर्ण नाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. सात घरांत सात खोल्या कालच गेल्या. आठव्या घराच्या पायरीवर एक म्हातारा पेपर पसरून, त्यावर एक पंप खोलून बसला होता. मी खोलीचं विचारलं. त्यानं वर न बघता विचारलं, "नळ पुरता बंद करता का टपकत ठेवता?"

मी म्हटलं, पुरता.

"वर खोली आहे. बघून घ्या."

माझं पूर्ण नाव त्यांनी वर्षभरानं एका पाकिटावर वाचलं. वाचून म्हणाले की पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलाय.

हे घरमालक, म्हणजे आमचे काका, चिकलठाण्याच्या एका औषध कारखान्यात व्हॅक्यूम पंपांवर फिटर होते. औषध वाळवायचं तर भांड्यातली हवा काढावी लागते, आणि ती हवा काढण्यात त्यांचा जन्म गेला. हवा भरणं सोपं, ती तर आपोआप भरते, असं ते म्हणायचे. झाकणाच्या सांध्यातल्या रबरी कड्यावर, गॅस्केटवर, डोक्याचा एक केस पडला तरी हवा आत शिरते आणि अख्खी पाळी वाया जाते. पंप आजारी आहे का हे ते स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक पंपावर आणि दुसरं कानावर लावून ओळखायचे. जेवताना भाकरी मोडली तर कड अगदी सरळ मोडायचे. दार लावलं की फटीवरून हात फिरवायचे. काकू म्हणायच्या, यांना माणसातसुद्धा कुठून हवा गळते तेच दिसतं.

निवृत्तीच्या सुमाराला त्यांनी पेपरात एक बातमी वाचली. परदेशात जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचं एक गोल कडं आहे. त्यातल्या नळीत अणूच्या आतले कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवतात आणि समोरासमोर आदळवतात. कशासाठी, तर आतून काय निघतं ते बघायला. बाकी कुणी ही बातमी वाचून विश्वाचा विचार केला असता. काकांना एकच ओळ दिसली, की त्या नळीत हवा जवळपास नाहीच. सत्तावीस किलोमीटर! इथं कारखान्यात यांची एक हंडी पोकळी धरत नव्हती. त्या फिटरांच्या पाया पडायला पाहिजे, असं ते आठवडाभर म्हणत राहिले म्हणे.

पुढं कुठंतरी त्यांच्या वाचनात आलं की काही शास्त्रज्ञांनी तसलंच कडं अख्ख्या चंद्राला घालायची कल्पना मांडलीय. झालं. त्या दिवसापासून काका टेबलाला चिकटले. हे जमेल का? आणि जमलं तर चालेल का? त्यांच्या मते हे दोन वेगळे प्रश्न होते.

मला त्यांनी हे यंत्र भुईमुगाच्या शेंगांनी समजावलं. दोन शेंगा घेतल्या, एकमेकींवर आपटल्या, दाणे काढले. "आता बघा पुढारी," ते म्हणाले. मला ते पुढारीच म्हणायचे. "शेंगांतून दाणा निघतो. पण लईच जोरात आपटल्या, तर त्या जोरातूनच आंबा निघू शकतो. शेंगांत नव्हताच तो. जोर किती लावला त्यावर आहे." मग कडं एवढं मोठं का, तर कन्नडच्या घाटात एसटी वळणावर हळू होते, वळण जितकं ऐसपैस तितका वेग ठेवता येतो. चंद्राचा घेर अकरा हजार किलोमीटर. एवढं ऐसपैस वळण माणसाला परत कुठं मिळणार? वर तिथं हवाच नाही. पंप नको, गॅस्केट नको. जन्मभर ज्याच्यासाठी झगडलो ते तिथं फुकट पडलंय, हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू माहेरचं कुणी भेटलंय. आणि कडं सगळीकडून गेलं की अर्ध्या कड्यावर कायम ऊन, म्हणजे विजेचीही सोय झाली.

हे झालं जमेल का. चालेल का, हे ते रोज थोडं थोडं लिहायचे. चौदा दिवस ऊन, चौदा दिवस अंधार. उन्हात नळी ताणते, अंधारात आखडते, अकरा हजार किलोमीटरमध्ये किती सांधे उघडतील? तिथली धूळ काचेच्या चुऱ्यासारखी, कपड्याला चिकटली की सुटत नाही; ती सांध्यात गेली तर? चुंबकं थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो, तो उडून गेला तर डबा घेऊन कोण जाणार? हवा नसली की चकचकीत धातू एकमेकांना चिकटतात, मग नट आखडला तर पान्यानं कोण सोडवणार? प्रत्येक पानाच्या खाली ते पट्टीनं दोन रकाने आखायचे. एकावर लिहायचे बिघाड, दुसऱ्यावर लिहायचे कोण जाणार. पहिला रकाना भरलेला असायचा. दुसरा जवळजवळ प्रत्येक पानावर कोरा.

माझा मात्र संताप व्हायचा. आमच्या कॉलनीत पाणी आठव्या दिवशी, तेही आलं तर. बायका कामाचा खाडा करून नळाशी बसायच्या. आणि हा माणूस, हातात एवढी कला असून, चंद्रावरच्या नळीला वाशर कोण बसवणार याची फिकर करतोय. मी तोंडावर सांगितलं एकदा. म्हटलं काका, तुमची हुशारी इथं नळाला हवा येते त्याला लावा की. मी तर एका पत्रकात लिहिलंही होतं, की काहींना चंद्राची पडलीय आणि आमच्या हंड्याला तळ नाही. नाव घातलं नव्हतं. कॉलनीत नावाची गरजही नव्हती.

त्यांनी ते पत्रक वाचलं. माझं प्रत्येक पत्रक ते लाल पेन्सिल घेऊन वाचायचे. समासात एकच शब्द असायचा, कोण? या पत्रकावर तो चार वेळा होता. चंद्राच्या ओळीखाली नव्हता, मागण्यांच्या ओळींखाली होता.

"तुम्ही लिहिलंय नवीन टाकी पाहिजे. घ्या, दिली. साहेब येईल, फीत कापील, जाईल. वॉल्व्ह कोण फिरवणार? त्याचं नाव काय? तो आजारी पडला तर दुसरा कोण? खामखा टाकी मागू नका पुढारी. माणूस मागा."

मी तेव्हा जिना आपटत वर गेले. पण पुढच्या मोर्चात आम्ही टाकी मागितली नाही. आमच्या भागाला नेमून दिलेला, वॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा लाईनमन मागितला, नावासकट आणि फोन नंबरासकट. टाकी मागून जे चार वर्षांत झालं नाही ते यानं झालं. पाणी आठव्याचं पाचव्या दिवसावर आलं. हे मी काकांना कधी नीट सांगितलं नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसांना दुसऱ्याला श्रेय देताना जीभ जड होते.

आता चुकीबद्दल.

काका कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे. मागची बाजू कोरी. मी विचारलं तर म्हणाले, मशीन बनवताना हात आत जाईल एवढी जागा सोडावी लागते, नाहीतर दुरुस्ती करताना सगळं खोलावं लागतं. कागदाचंही तसंच. पाठ कोरी ठेवायची, चूक सापडली तर ती दुरुस्त करायला. पण कच्च्या खर्ड्यांचा उपयोग संपला की ते गठ्ठे मला द्यायचे. पाठकोऱ्या कागदांवर पत्रकं छापणं ही आमच्या संघटनेची जुनी रीत. झेरॉक्सवाला कुरकुर करतो, पण करून देतो. जिन्याखाली दोन गठ्ठे असायचे. सुतळीनं बांधलेला कच्चा, तो माझा. पांढऱ्या नाड्यानं बांधलेला पक्का, तो त्यांचा. पक्क्यात दोनशे बारा पानं होती. अकरा वर्षांचं काम, शाईपेननं, एकही खाडाखोड नाही. आणि ते परत लिहिणं आता होणार नव्हतं, कारण गेल्या दोन वर्षांत त्यांचा हात कापायला लागला होता. कपातला चहा बशीत सांडायचा. सही करायची तर डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे.

त्याच महिन्यात शहरातल्या एका कॉलेजच्या विज्ञान मंडळानं त्यांना दोन महिन्यांनंतरच्या कार्यक्रमात बोलायला बोलावलं होतं. अर्धा तास. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, या आणि सांगा. त्यांनी पांढरा शर्ट धुऊन, इस्त्री करून, आतापासूनच कपाटाला बाहेरून टांगला होता.

काका शेताच्या वाटणीच्या कामाला दोन दिवस देवगाव रंगारीला भावाकडं गेले. इकडं आमची पाण्याची सभा ठरली. मी जिन्याखालचा सुतळीचा गठ्ठा उचलला. आकडे, रकाने, चंद्र, मी नेहमीसारखं बघितलंच नाही. कोऱ्या पाठीवर पत्रक झेरॉक्स करून रविवारी सकाळी अख्ख्या गारखेड्यात पत्रकं वाटली. दाराखालून सरकवली, दुधाच्या पिशव्यांत खोचली, रिक्षांत ठेवली.

सोमवारी काका आले. पाय धुतले, जिन्याखाली वाकले आणि तसेच बराच वेळ वाकलेले राहिले. तिथं खराखुरा कच्चा गठ्ठा जागेवर होता. त्याचीही सुतळीच.

मी खाली आले तेव्हा ते पायरीवर बसले होते. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "किती वाटली?"

मी म्हटलं, सगळी.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला नंतर जिन्यात गाठलं. परकराचा नाडा तुटला होता, घरात दुसरा नव्हता. त्यांनी गठ्ठ्याचा नाडा काढला आणि गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला, बाजारात गेलं की बदलू म्हणून. "यांना नको सांगू माय," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत यांची एक वस्तू मी हलवली नव्हती." मी नाही सांगितलं. चूक माझीच होती; कागद उलटा करून बघायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं घरोघर निघालो. माझ्या पत्रकांच्या धंद्यात असा प्रकार कधी झाला नव्हता, की वाटलेलं पत्रक परत मागायचं. मी आधीच तोंड पाडून उभी. काका मात्र दारात गेले की पहिल्यांदा नळाकडं बघायचे. टपकत असला तर पिशवीतून वाशर काढून खाली बसायचे. हात कापतोय, पाना दोनदा निसटतोय, पण वाशर बसायचं. मग म्हणायचे, तुमच्याकडं एक कागद आलाय, तो तेवढा द्या. लोकांनी डब्याखालून काढून दिले, कपाटाच्या फळीवरून काढून दिले. एका बाईकडं त्यात शेव बांधलेली होती, ती तिनं ताटात ओतली आणि कागद झटकून दिला.

आणि मला एक गोष्ट झोंबली, ती लिहायलाच पाहिजे. बऱ्याच लोकांनी कागद वाचला होता, पण काकांची बाजू. एका पानपट्टीवाल्यानं विचारलं, काका, ते नट चिकटतात म्हणता, तर ग्रीस लावलं तर? काका तिथंच उभे राहिले, अर्धा तास. ग्रीस त्या उन्हात उडून जातं, मग कुठलं वंगण टिकेल, यावर दोघांची चर्चा. मी चिडून विचारलं की पाण्याच्या सभेचं वाचलं का नाही. तो म्हणाला, "ताई, पाणी येत नाय हे आम्हाला माहितीच आहे की. मागचं नवीन होतं."

तीन आठवड्यांत एकशे त्र्याहत्तर पानं परत आली. उरलेली काका सांगायचे आणि मी लिहायची, दुपारभर, काकूंच्या चहावर. पत्रकात मी कधी इतकं सावकाश लिहिलं नव्हतं. एका आकड्यासाठी ते दोन दिवस थांबायचे. मी म्हणायची, काका, अंदाजे घालू. ते म्हणायचे, अंदाजे गॅस्केट बसतं का? धूळ, हेलियम, सांधे, सगळं माझ्या अक्षरात आलं. आणि त्या दुपारांत कधीतरी मला ते यंत्र दिसायला लागलं, राखाडी जमिनीवरून क्षितिजापर्यंत गेलेली एक बारीक चकचकीत रेघ, आणि तिच्याकडं बघायला कुणीच नाही. मी कुणाला बोलले नाही. आमच्या संघटनेत हसले असते.

शेवटचं पान तेवढं राहिलं, निष्कर्षाचं. ते त्यांनी सांगायला नकार दिला.

"सांगा की काका, तुम्हाला तर माहितीय."

"माहितीय. पण आता सांगितलं तर आजचं येईल. तेव्हाचं पान सापडलं आणि दोन मापं वेगळी निघाली, तर खरं कुठलं धरायचं?"

मी विचारलं, होईल का नाही तेवढं तरी सांगा. म्हणाले, पानावर आहे.

त्या दिवसांत एकदा ते बाजारातून नाड्याची दोन बंडलं घेऊन आले. एकानं गठ्ठा बांधला. दुसरं काहीही न बोलता काकूंच्या वाळत घातलेल्या परकरावर ठेवून दिलं. काकू दोरीशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. काकांना कधीपासून माहीत होतं, कुणास ठाऊक. हवा कुठून गळते हे ओळखणारा माणूस.

कॉलेजात तीसेक पोरं होती. काका पांढऱ्या शर्टात, एका हातानं दुसरं मनगट धरून बोलले. शेंगा फोडल्या. पोरं आधी खुसखुसली, मग हसायची थांबली. अर्ध्या तासाचा एक तास झाला. शेवटी एका प्राध्यापकांनी विचारलं, मग तुमचा निष्कर्ष काय? काका म्हणाले, "निष्कर्षाचं पान गारखेड्यात कुणाच्या तरी घरी आहे. सापडलं की कळवतो." सभागृह हसलं. ते अजिबात गमतीनं म्हणाले नव्हते.

वर्षभरानं ते गेले. हात कापायचा तो थांबला, एवढंच काकू म्हणाल्या. मी अजून वरच राहते. नळ पुरता बंद करते.

गेल्या महिन्यात नवं पत्रक घेऊन मी मागच्या गल्लीत गेले होते. लाईनमन बदलून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, पाणी परत आठव्यावर गेलंय. काका असते तर म्हणाले असते, दुसरा कोण हे विचारलं नव्हतं का? एका घरात साडीला फॉल लावत एक ताई बसल्या होत्या. नळाशेजारी खिळ्याला एक कागद अडकवलेला. अक्षर मी लांबूनच ओळखलं. त्या वर्षी आम्ही कागद गोळा करत होतो तेव्हा या ताई बाळंतपणाला माहेरी होत्या, घराला कुलूप होतं. आल्यावर दाराखाली कागद मिळाला, समासात जागा भरपूर होती, म्हणून त्यावर पाणी आल्याच्या तारखा लिहायला लागल्या. दोन वर्षांच्या तारखा, बारीक पेन्सिलीनं, चारी बाजूंनी. मधोमध काकांची शाई.

मी वाचत होते तेवढ्यात ताईंनी विचारलं, काय लिहिलंय हो त्याच्यात? मी तर तारखांपुरताच वापरते.

मी सांगितलं. त्यांनी सुई थांबवून ऐकलं आणि विचारलं, "मग आलं का तिथं पाणी?"

"नाय अजून."

"व्हय का," त्या म्हणाल्या, आणि परत टाका घातला.

पान मी मागितलं नाही. अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायला दोन वर्षांच्या तारखांचा तेवढा एकच पुरावा कॉलनीत आहे. मी समोर बसून, शब्दाला शब्द, नव्या पत्रकाच्या पाठीवर उतरवून घेतलं आणि घरी येऊन काकूंना वाचून दाखवलं.

"निष्कर्ष. चंद्रावर हे यंत्र बांधता येईल. निसर्गाच्या नियमात कुठं अडत नाही. पण चालवता येणार नाही. चालवायला फिटर लागतील, आणि फिटर एकटा राहत नाही. त्याची बायको, लेकरं, दवाखाना, शाळा, एवढी वस्ती आधी पाहिजे. वस्तीच्या आधी पाणी पाहिजे. म्हणून यंत्राचं पहिलं काम नळी टाकणं नसून नळ बसवणं हे आहे. नळाला पाणी आलं की कळवावं. पुढचं गणित त्यानंतर."

खाली दोन रकाने. बिघाड: कुठलाही. कोण जाणार: मी, घरचे हो म्हणाले तर.

काकू म्हणाल्या, "पाणी आधी लागतं हे कळायला यांना अकरा वर्षं लागली. मला इचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

त्या उठल्या, जिन्याखालून गठ्ठा आणला, नाडा सोडला आणि पान ठेवायला हात पुढं केला. मी कागद द्यायला गेले तर घेतला नाही.

"शेवटची ओळ परत वाच," म्हणाल्या.